ग्यानोबादादांचं बराबर

ग्यानोबादादा माझे शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक सामाईक भिंत आणि तिच्याइतकंच जुनं भांडण. मी कुरुंद्याच्या शाळेतली मास्तरीण, आता निवृत्त, तोंडाने फाटकी म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. दादा हळद शिजवणाऱ्या टोळीचे मुकादम, माझ्याहून फाटके. आमच्याकडे माणूस मेला की फोटोला हार पडतो आणि तो जन्मभर गोडच बोलत होता असं एकमताने ठरतं. दादा जिवंत आहेत, त्यामुळे खरं सांगायला हरकत नाही. माणूस आडमुठा. एक नंबरचा आडमुठा.

त्यांचा शब्द 'न्हाई'. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ते न्हाई म्हणून मोकळे व्हायचे आणि मग वाक्य काय होतं ते विचारायचे. चहा घेता का म्हटलं तर न्हाई. मग दोन कप प्यायचे. कढईपाशी शेतकरी घाई करायचा, शिजली हळद, काढा आता. दादा गड्ड्यात काडी टोचून म्हणायचे, न्हाई. विशीत असताना वाड्याच्या मालकांनी, म्हणजे आताच्या उकंडरावांच्या वडिलांनी, त्यांना वाड्यासमोरून जाताना अडवलं होतं. आमच्या लोकांनी तिथून चपला हातात घेऊन जायची रीत होती. "काढ रे चपला." "न्हाई." त्या एका न्हाईपायी दोन वर्षं त्यांना गावात कुणी काम दिलं नाही, आणि ती रीत मात्र त्या दिवशी मोडली ती मोडलीच.

आता यावरून कुणी त्यांचा पुतळा उभारायला निघू नये. याच माणसाने घरात गॅस यायला न्हाई म्हटलं आणि जनकाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, धुरात रडवलं. साथीच्या काळात सुई टोचायला आलेल्या नर्सला दारातून परत पाठवलं. जयंतीच्या पत्रिकेत माझं नाव त्यांच्या वर छापलं म्हणून भाषणाला न्हाई म्हटलं आणि मंडपाबाहेर उभं राहून माझ्या भाषणातल्या चुका मोठ्याने सांगितल्या. जनकाबाईंना बोधगयेला जायचं होतं. दर वर्षी विहारातून बस निघायची, दर वर्षी त्या विचारायच्या, दर वर्षी उत्तर ठरलेलं. त्यांचा न्हाई कधी शहाणा असायचा, कधी निव्वळ गाढवपणा असायचा. पण तो त्यांचा असायचा.

शेवटचा मोठा न्हाई त्यांनी नातीसाठी म्हटला. दीक्षा नांदेडला नर्सिंग शिकते. धम्मानंदची, म्हणजे दादांच्या मुलाची, ती थोरली. या धम्मानंदचं स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे आणि डोकंही तसंच आहे. वर जे ठेवाल त्याची कॉपी खालून निघते. कुणी म्हटलं पोरगी बाहेरगावी ठेवू नये, की हा संध्याकाळी घरी तेच म्हणणार. दिवाळीत शिरड शहापूरचं स्थळ आलं. मुलगा बुद्धभूषण, पुण्यात कंपनीत, सुस्वभावी. अट एकच, लग्नानंतर शिक्षण बंद, पोरीने पुण्याला यायचं. दादांनी भर विहारात, सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "न्हाई. पोरगी शिकून घिऊ द्या. मंग बगू." मुलाचे काका मुंजाजी जुन्या वळणाचे. ते म्हणाले, म्हाताऱ्याच्या शब्दाबाहेर आम्ही जात नाही; त्यांचा होकार असेल तेव्हा बोलवा. आणि गेले.

हळदीचा हंगाम संपत आला असताना एका सकाळी दादा अंगणात धम्मानंदशी भांडता भांडता कोसळले. उजवी बाजू गेली. नांदेडच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून परत आले तेव्हा तोंड थोडं वाकडं होतं, उजवा हात मेल्यासारखा मांडीवर पडलेला, आणि आख्ख्या भाषेतून त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता.

"बराबर."

पाणी पाहिजे का? बराबर. दुखतं का? बराबर. आज सोमवार ना? बराबर. मंगळवार? बराबर. ज्या तोंडातून गावाने आयुष्यभर नकार ऐकला त्या तोंडात आता होकाराशिवाय काही नव्हतं. आमच्याकडे बराबर म्हणजे हो, खरं, ठीक, मान्य, सगळं एकाच दमात. हे गावाला कळायला दोन दिवस लागले, आणि मग जी रांग लागली ती बघून मला माणूस या प्राण्याची किळस आली.

पहिले आले उकंडराव. तेच, वाड्याचे. खुर्चीवर बसले, काठी मांड्यांमध्ये ठेवली, दादांच्या खांद्यावर हात ठेवला. जन्मात कधी ठेवला नव्हता. "ग्यानोबा, आमच्या घरानं तुमच्यावर कधी अन्याय केला न्हाई. बराबर हाय ना?"

"बराबर," दादा म्हणाले.

उकंडरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर जाऊन त्यांनी हॉटेलात सगळ्यांना सांगितलं की ग्यानोबा शेवटी बोलला, मन मोकळं केलं त्यानं. त्यांच्या मागोमाग बालाजी आला. याच्याशी दादांची विहाराच्या नळावरून मारामारी झाली होती. त्याने तर मोबाईल समोर धरून, शूटिंग चालू करून विचारलं, की त्या दिवशी चूक माझी नव्हती ना दादा? बराबर. तो व्हिडिओ ग्रुपवर फिरला. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. ज्यांना दादांसमोर उभं राहायची छाती नव्हती ते आता लुळ्या माणसाकडून प्रमाणपत्रं घेऊन जात होते, आणि वर दोन केळी ठेवून जात होते.

जनकाबाईंनीही विचारलं, बोधगयेचं. मी भिंतीपलीकडून ऐकलं. ते बराबर म्हणाले आणि बाई बस धरून गेल्या, आठ दिवसांनी टवटवीत होऊन आल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही. संसारभर ज्याने अडवलं त्याच्याकडून आजारपणात एवढं उकळलं तर तो वसूल झालेला हक्क आहे. बाकीच्यांचं तसं नव्हतं.

उकंडरावांचा मुलगा विश्वंभर याच सुमारास सुट्टीवर आला. हा मेंदूचा शास्त्रज्ञ आहे, दक्षिणेकडच्या कुठल्याशा मोठ्या संस्थेत. बाराखडी माझ्याकडून शिकला. बाकीचं काय आणि कुणाकडून शिकला ते कोण जाणे. माणूस म्हणजे काय ते शोधायचं काम आपण करतो असं तो सांगतो. शोधायची जागा म्हणजे कवटीच्या आत. त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीची पुनम म्हणून एक बाई आली. पुण्याची, मानववंशशास्त्राची. माणूस म्हणजे काय ते तीही शोधते. तिची जागा म्हणजे आमच्यासारख्यांच्या ओसऱ्या. दोघं उतरले वाड्यावर, आणि सकाळ झाली की दादांच्या घरी. एकाला कवटी पाहिजे, एकीला ओसरी पाहिजे, आणि गरिबाघरी दोन्ही फुकट.

पुनमचा पहिला दिवस मी विसरणार नाही. जनकाबाईंनी तिच्यासाठी शेजारच्या मंडपवाल्याकडून खुर्च्या आणल्या. पुनम म्हणाली, नको, मी जमिनीवरच बसणार, तुमच्यासारखी. आता पाहुणी खाली बसल्यावर यजमानाने वर कसं बसायचं? सगळे खाली उतरले. जनकाबाईंचे गुडघे गेलेले. त्या भिंतीला धरून धरून बसल्या आणि उठताना दोघींना धरावं लागलं. पुनमच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आपण अंतर मिटवलं याचं. दादा 'बराबर' म्हणाले तेव्हा तिने हळूच दुरुस्त केलं, "बरोबर." मी म्हटलं, "बाई, तुम्ही माणसं शिकायला आलात की शिकवायला?" तिला ते फार आवडलं. माझं बोलणं तिने रेकॉर्ड करून घेतलं.

विश्वंभरने तारांची एक टोपी दादांच्या डोक्यावर बसवली आणि चित्रं दाखवली. शेळी. हे काय? बराबर. कुऱ्हाड. बराबर. मग त्याने वेगळं विचारलं: दार दाखवा. दादांनी डाव्या हाताने दार दाखवलं. सुनेकडे बोट करा. केलं. आधी छताला, मग स्वतःच्या नाकाला. केलं, आणि वर विश्वंभरकडे असं पाहिलं की हा कोण मला नाक शिकवणारा. विश्वंभर मान डोलावून म्हणाला, "आकलन शाबूत आहे. फक्त बोलण्याचा भाग गेला. डावीकडचा." म्हणजे या माणसाला सगळं कळत होतं. उकंडराव काय म्हणाले, बालाजी काय म्हणाला, सगळं. आणि हे वाक्य शास्त्रज्ञाने असं म्हटलं जसं कुणी सांगावं की बल्ब चांगला आहे, बटण खराब आहे. त्याने गावात कुणालाही ते सांगितलं नाही. स्वतःच्या बापालाही नाही.

रविवारी दादांना विहारात नेलं. वंदना सुरू झाली आणि दादांनी सगळ्यांबरोबर त्रिसरण आणि पंचशील म्हटलं, अडखळत, पण शेवटपर्यंत, स्वच्छ पालीत. बायका रडायला लागल्या. जनकाबाईंनी त्यांचा हात धरला, "आवो, बोललात की!" दादा म्हणाले, "बराबर."

बाहेर येताना मी विश्वंभरला विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, "पाठांतर आणि गाणं वेगळ्या वाटेने येतं, बाई. ते बोलणं नाही. टेप वाजते असं समजा." पुनमला ते मान्य नव्हतं. ती म्हणाली, "इथे व्यक्ती बोलत नाही, समूह तिच्यातून बोलतो." आणि मग दोघं माझ्या अंगणात उभं राहून भांडले, टेप की समूह. मधे चाकाच्या खुर्चीवर दादा उन्हात. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. टेपलाही घाम येतो आणि समूहालाही, पण सावलीत खुर्ची ढकलली ती दीक्षाने.

ती सुट्टीत घरी आली होती. आणि धम्मानंदच्या झेरॉक्सवर नवं पान पडलं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं, की आता तर म्हातारा बराबर म्हणतो. बोलव की शिरडवाल्यांना. त्याने बापासमोर उभं राहून विचारलं, "बाबा, दीक्षाचं शिरडला करू. बराबर?" बराबर. झालं. मुंजाजीकाकांना फोन गेला, की बाबांनी होकार दिला. बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार ठरला. दीक्षाने दोन दिवस जेवण टाकलं. धम्मानंद म्हणाला, "आज्याचा शब्द मोडतीस व्हय?" याच माणसाने आज्याचा शब्द दिवाळीपासून मोडायचा प्रयत्न चालवला होता.

त्या आठवड्यात विश्वंभर पुन्हा चाचण्या घ्यायला आला. पुनम होतीच, मी होते. विश्वंभरने सहज विचारलं, "पडले तेव्हा ते काय बोलत होते? शेवटचा शब्द काय होता, कुणाला आठवतंय?"

धम्मानंद घाईने म्हणाला, "काई न्हाई. साधंच बोलून राहिले होते."

स्वयंपाकघराच्या दारातून शीतल, त्याची बायको, बोलली. ती नवऱ्यासमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "साधं न्हाई. दीक्षाच्या लग्नाचंच चालू होतं. हे म्हनले, चांगलं स्थळ हाय. बाबा म्हनले, हे बराबर... अन् पडले."

मी मास्तरीण आहे, जन्मभर व्याकरण शिकवलं, पण माझ्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. आपल्या भाषेत नकार शेपटीला असतो. हे बराबर हाय, हे बराबर न्हाई; शेवटचा शब्द येईपर्यंत माणूस काय म्हणणार ते कळत नाही. दादांचं वाक्य शेपटीच्या आधी तुटलं होतं. त्यांचा न्हाई घशात राहिला आणि त्याच्या आधीचा शब्द तेवढा बाहेर पडून गावभर होकार म्हणून खपत होता.

मी दादांकडे पाहिलं. ते शीतलकडे पाहत होते आणि त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता. "बराबर," ते म्हणाले. "बराबर, बराबर, बराबर." ओरडून.

विश्वंभर उठून उभाच राहिला, इतका आनंद झाला त्याला. अशा रुग्णांच्या तोंडी झटक्याच्या क्षणी बोलू पाहत असलेला शब्द अडकून राहतो, असं शे-दीडशे वर्षांपूर्वीच कुणी मांडलं होतं म्हणे, पण इतकी स्वच्छ केस मिळत नाही. त्याने शीतलला तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं. पुनमही थरारली. एक अपूर्ण नकार समाज कसा पूर्ण होकार म्हणून वापरतो, यावर तिला एक आख्खं प्रकरण दिसायला लागलं. दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. खाणीत सोनं सापडल्यावर खाणीचं अभिनंदन कुणी करत नाही.

धम्मानंदने मात्र एका वाक्यात दोघांनाही मागे टाकलं. "मंग बराबर तर म्हनलेच की! न्हाई म्हनले काय? कुणी ऐकलं काय न्हाई?"

आता दीक्षा पुढे आली. डोळे सुजलेले, पण आवाज नीट. "डॉक्टर, तुमी सांगा. माझ्या आबांना समदं कळतंय ना?"

"कळतं."

"मंग त्यांच्या बराबरला होकार म्हनायचं का न्हाई? एवढं माझ्या बाबाला सांगा."

विश्वंभर तारा गुंडाळायला लागला. "हे बघ, त्या शब्दाला भाषिक अर्थ नाही, एवढं मी सांगू शकतो. पण लग्नाला होकार म्हणजे काय, कुणाचा धरायचा, हा सामाजिक प्रश्न आहे. तो माझा विषय नाही. पुनमला विचार."

दीक्षा पुनमकडे वळली. पुनमने तिचा हात हातात घेतला. "मला तुझं दुःख जाणवतंय. पण अर्थ शब्दात नसतो गं, लोक त्याचं काय करतात त्यात असतो. गावाने तो होकार मानला, तर गावापुरता तो होकार झाला. मी त्यात हस्तक्षेप केला तर मी बाहेरून नीती लादते असं होईल. आणि त्यांच्या मनात खरं काय आहे, हा तर वैद्यकीय प्रश्न आहे. विश्वंभरच सांगू शकेल."

मी फार शिवराळ बाई आहे असं लोक म्हणतात. त्या दिवशी मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. थोडक्यात एवढंच, की माणूस समजून घ्यायला निघालेली ही दोन शहाणी एकमेकांच्या दाराकडे बोट दाखवत उभी होती, आणि त्यांच्यापेक्षा आमचा तलाठी बरा. तो निदान उद्या या म्हणतो. विश्वंभर खाली मान घालून गेला. पुनमने ते शिव्यांसकट रेकॉर्ड केलं.

रविवार आला. मंडपवाल्याच्या खुर्च्या आल्या, पेढे आले. दादांना पांढरा सदरा घातला, घसरू नयेत म्हणून शालीने खुर्चीला बांधलं. पाहुण्यांना दाखवायचं होतं, हे आमच्या घरचे वडीलधारे, ज्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. शिरडहून जीप आली. मुंजाजीकाका, दोघी-तिघी बायका, आणि बुद्धभूषण, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठे बघावं ते न कळणारा. पुनमने परवानगी मागून मोबाईल स्टँडवर लावला. परवानगी धम्मानंदने दिली. दादांना विचारायचं राहिलंच, आणि विचारलं असतं तरी काय, उत्तर ठाऊक होतं. विश्वंभरही दाराला टेकून उभा होता. माझ्या तोंडाला घाबरून लांब.

जयभीम झाले, पाणी झालं. दीक्षा चहाचा ट्रे घेऊन आली. तिने तो कुणाला दिला नाही. मधोमध खाली ठेवला आणि पदर खोचून उभी राहिली. "काका, आबांना काहून इचारता? मला इचारा. माझं तोंड शाबूत हाय."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बुद्धभूषणने मान वर केली. मला वाटलं, आता तरी कुणीतरी विचारेल. एवढाच शब्द, सांग बाई, तुला काय पाहिजे. मी पुनमकडे पाहिलं. ती पडद्यात चौकट नीट बसवत होती. विश्वंभरकडे पाहिलं, तो दादांकडे पाहत होता.

मुंजाजीकाका गोड हसले. "पोरी, मोठ्याच्या मधी बोलू न्हाई. तुझ्या आज्याचा शब्द आमाला बस." आणि ते दादांकडे वळले, हात जोडले. "ग्यानोबादादा, तुमच्या तोंडून ऐकू द्या. करायचं ना लगीन? बराबर?"

दादांनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला.

आधी कुणाला कळलंच नाही. धम्मानंद हसला, "माशी बसली आसंल." मग त्याने पुन्हा विचारलं, वाकून, कानाजवळ, बाबा, बराबर ना? दादांनी हात दाबला. पंजा आख्ख्या तोंडावर, बोटं गालात रुतलेली. जो एकच शब्द उरला होता तो बाहेर पडू नये म्हणून त्यांनी तोंड बंद करून धरलं होतं. डोळे उघडे होते, आणि ते सरळ मुलाकडे बघत होते.

"बाबा, सांगा की. पाव्हने ताटकळलेत. रोज तर म्हनता." धम्मानंदने मनगट धरलं. हात हलला नाही. हयातभर कढया ओढलेला हात तो. मग या माणसाने, बावीस वर्षांच्या पोरीच्या बापाने, पाहुण्यांसमोर, आपल्या लुळ्या बापाचं एक एक बोट त्याच्या तोंडावरून उपसायला सुरुवात केली. करंगळी सुटली, की दादांनी पुन्हा रोवली. घशातून आवाज येत होता, पण शब्द नाही. खुर्ची एका बाजूला कलली, शाल ताणली गेली. जनकाबाई ओरडल्या, "सोड रे मुर्दाडा, बाप हाय तुझा!" शीतलने नवऱ्याचा सदरा मागून धरला. आयुष्यात पहिल्यांदा. दाराशी विश्वंभर म्हणाला, "जबरदस्ती नको, बीपी वाढेल." एवढी विद्या शिकून त्याला एवढंच सुचलं. पुनमचा मोबाईल चालूच होता. मी तो स्टँडसकट पालथा घातला.

धम्मानंदचा हात शेवटी धरला तो बुद्धभूषणने. "सोडा त्यांना," तो म्हणाला. "मामा, सोडा म्हनलं ना. त्यांनी सांगितलंय." मग दीक्षाकडे न बघता, खाली बघून म्हणाला, "तुमाला आधी इचारायला पाहिजे होतं." आणि चपला घालायला दारात गेला. मुंजाजीकाका थोडे कुरकुरले, आमाला फसवून बोलावलं म्हणाले, आणि उठले. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली.

सोमवारी दीक्षा सकाळच्या गाडीने नांदेडला गेली. शीतल तिला स्टँडपर्यंत सोडायला गेली, दुकानासमोरून, मान वर करून. विश्वंभरचा निबंध होईल, पुनमचंही प्रकरण होईल. दोघांनी मला पाठवायचं कबूल केलंय. आले तर मी लाल शाईने तपासून परत पाठवीन.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. धम्मानंद बाजूला झाला, पाहुणे बाहेर पडले, तरी दादांनी हात काढला नाही. जनकाबाई म्हणाल्या, गेले ते, काढा आता. काढला नाही. दीक्षा त्यांच्या पायाशी बसली, आबा म्हणाली. काढला नाही. बाहेर जीप सुरू झाली, वळली, तिचा आवाज वसमतच्या रस्त्याला लागून विरला. तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. ओठ फुटून रक्त आलं होतं.